‘कोण पाहिजे?’ असे विचारणारे शेजारी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळची सांगलीची, गेली नऊ वर्षे शिकागोच्या एका उपनगरात राहते. यजमान नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहेत, मी त्यांची पत्नी म्हणून एच-४ वर, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल हे देवालाच ठाऊक. मुलगी इथे जन्मलेली, तिसरीत शिकते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मेक्सिकन कुटुंब राहते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्या शेजारणीने पंधरा दिवस माझ्या मुलीला शाळेत नेले-आणले आणि कधी उपकाराची भाषा केली नाही. तिचा नवरा छपरांची कामे करतो आणि त्याच्याकडे कागदपत्रे नाहीत. तिच्याकडे आहेत की नाहीत, हे मी विचारलेले नाही. त्यांची दोन्ही मुले अमेरिकन नागरिक आहेत. मागच्या आठवड्यात तिने मला विचारले, की आम्हा दोघांना स्थलांतर खात्याने एकाच दिवशी उचलून नेले तर मुलांना तू घेशील का, आणि शाळेत तुझे नाव देऊ का. त्याच दिवशी गल्लीतल्या काही जणांनी घरोघरी शिट्ट्या वाटल्या. यजमान म्हणतात, “आपण रांगेत उभे राहून आलो, ते तसे आले नाहीत. यात आपण पडायचे नाही. एक चूक झाली तर नऊ वर्षे पाण्यात जातील.” मंडळातल्या मैत्रिणींचेही तेच मत आहे. शिट्टी ड्रॉवरमध्ये पडून आहे. शेजारणीला मी अजून उत्तर दिलेले नाही आणि ती समोर आली की फोनवर बोलत असल्याचे नाटक करते. मी काय करावे?

ता. क. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या रोज संध्याकाळी एकट्या फिरायला जातात आणि त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी जवळ काय ठेवावे?

— एक शेजारीण

उत्तर

ताई, सगळ्यात आधी ते फोनचे नाटक थांबवा आणि शेजारणीला आज संध्याकाळीच उत्तर द्या, मग ते ‘हो’ असो वा ‘नाही’. तुमच्या पत्रातली सर्वांत निकडीची गोष्ट ती शिट्टी नसून हे उत्तर आहे. ती बाई आपल्या मुलांची सोय लावण्याच्या खटपटीत आहे, आणि तुमचे मौन तिला ‘कदाचित हो’ असे वाटत राहील. तुम्हाला जमणार नसेल तर तिला दुसरे दार ठोठावण्यासाठी दिवस हवेत आणि तिचे ते दिवस तुम्ही तिला न सांगता खर्च करत आहात. माझ्या मते तुम्ही ‘हो’ म्हणावे. ते कसे म्हणायचे, हे पुढे सविस्तर सांगते, पण त्याआधी तुमच्या यजमानांशी दोन शब्द बोलणे मला भाग आहे.

त्यांची भीती खोटी नाही. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला साधी अटकसुद्धा महागात पडते. गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि २०२५ च्या वसंत ऋतूत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी किरकोळ किंवा मिटलेल्या प्रकरणांवरून रद्द झाल्या तेव्हा त्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. न्यायालयात दाद मागितल्यावर त्यांतल्या अनेक नोंदी पूर्ववत झाल्या, पण दरम्यान त्या मुलांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना तुमच्या यजमानांना नक्कीच असेल. तेव्हा ‘घाबरू नका’ असा सल्ला मी देणार नाही. भीती पाहून काम निवडावे, एवढेच म्हणते.

मात्र भीतीला त्यांनी जो युक्तिवाद जोडला आहे, तो मला मान्य नाही. ‘आपण कायदेशीर आणि ते बेकायदेशीर’ ही रेघ आपण समजतो तितकी पक्की नसते, आणि ती कुठे ओढायची हे आपल्या हातात तर मुळीच नसते. सखाराम गणेश पंडित नावाचे अहमदाबादला जन्मलेले एक गृहस्थ १९१४ मध्ये रीतसर अमेरिकन नागरिक झाले आणि कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात असा निकाल दिला, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांच्या वकिलांपैकी पंडित हे एक होते. त्या निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे काढून घेण्यासाठी दावे लावले, आणि त्यांत खुद्द पंडितांवरही लावला. आपण सरकारने दिलेल्या कागदावर विसंबून सगळे आयुष्य उभे केले, आता तो कागद परत मागणे अन्यायाचे आहे, असे त्यांनी मांडले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. रांगेत उभे राहून आलेला माणूस एका निकालाने रांगेबाहेर फेकला गेला होता, तो असा.

इतके मागे जायचे नसेल तर २०२५ चा डिसेंबर आठवा. समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी एच-१बी आणि एच-४ साठी लागू झाली आणि व्हिसा स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा उमटवून घेण्यासाठी, भारतात गेलेल्या कितीतरी जणांच्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. घर, नोकरी, मुलांची शाळा अमेरिकेत आणि माणसे भारतात अडकलेली. नोकरी गेली तर दुसरी शोधायला कायद्याने जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. एकसष्टाव्या दिवशी तुमच्या आणि छपरे घालणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या स्थितीत किती अंतर उरेल, याचा हिशेब यजमानांनी एकदा शांतपणे करावा. (कागद नसल्याच्या संशयावरून माणसे उचलण्याचा प्रकार आपल्याकडे होत नाही, असेही समजू नका. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याची खातरजमा झाल्यावर त्यांना परत आणावे लागले.)

मंडळातल्या मैत्रिणी ‘मेक्सिकन लोकांशी आपला काय संबंध’ असे म्हणत असतील, तर त्यांना वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट जरूर सांगा. गदर चळवळीतल्या या क्रांतिकारकाला ब्रिटिश सरकारमुळे मायदेशी परतण्याची सोय नव्हती. १९२० च्या दशकात मेक्सिकोने त्यांना आसरा दिला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवण्याचे काम दिले, आणि मक्यावरचे त्यांचे संशोधन त्या देशात इतके नावाजले गेले, की तिथले प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना जागा दिली. एका परागंदा मराठी माणसाला त्या लोकांनी कधीकाळी ताटावर बसवले होते, एवढा संबंध मला पुरेसा वाटतो. तुम्हाला तर तेवढाही लागू नये, कारण तुमच्यापाशी ऑपरेशनच्या वेळचे पंधरा दिवस आहेत.

आता शिट्टीविषयी. ती नेमकी कशासाठी आहे, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. शिकागोत ८ सप्टेंबर २०२५ रोजी ‘ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ’ नावाची, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना पकडण्याची मोहीम सुरू झाली आणि तोंड झाकलेले, नावाची पट्टी नसलेले अधिकारी साध्या गाड्यांतून फिरू लागले. ३० सप्टेंबरच्या पहाटे साउथ शोअर भागातल्या एका इमारतीवर हेलिकॉप्टरसह छापा पडला, ३७ जणांना अटक झाली, आणि त्याच इमारतीतल्या अमेरिकन नागरिकांनाही हात बांधून तासन्तास ताटकळत ठेवले गेले. लिटल व्हिलेज, पिल्सन, रॉजर्स पार्क या वस्त्यांमधून शिट्टीची पद्धत पसरली ती या काळात. सर्वसाधारण संकेत असा, की तुटक शिट्ट्या म्हणजे अधिकारी आसपास दिसले आहेत, आणि लांब, न थांबणारी शिट्टी म्हणजे कोणाला तरी धरले जात आहे. पहिल्या आवाजाने ज्याला घरात जायचे तो घरात जातो आणि दुसऱ्या आवाजाने साक्षीदार गोळा होतात. शिट्टीबरोबर इतरही गोष्टी घडल्या, ज्यांची चर्चा कमी झाली. पालक आळीपाळीने शाळेच्या फाटकाशी उभे राहू लागले, आणि काही सायकलस्वारांनी सकाळी सकाळी तमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्या फेरीवाल्यांचा अख्खा माल विकत घेऊन त्यांना लवकर घरी पाठवण्याचा उद्योग मांडला. मला या सगळ्यात तो सायकलवाल्यांचा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात दया दाखवण्याचा आव नाही, नुसती खरेदी आहे.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तिथे जिन्यावरून अनोळखी माणूस वर आला, की पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत प्रत्येक दारातून एकच प्रश्न यायचा : “कोण पाहिजे?” विचारणाऱ्याचा काही अधिकार नव्हता आणि तो कोणाला अडवतही नव्हता, पण आलेल्या माणसाला कळायचे, की आपल्याला पाहिले गेले आहे. शिट्टीचे काम तेवढेच आहे. तिने कोणाची सुटका होईलच असे नाही. मात्र जे घडते ते अंधारात घडत नाही, धरलेल्या माणसाचे नाव कोणाच्या तरी कानी पडते आणि त्याच्या घरी संध्याकाळपर्यंत निरोप पोहोचतो.

तरीही ती शिट्टी तुम्ही वाजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोपऱ्यावर उभे राहण्याचे, गाडीमागे जाण्याचे आणि अधिकाऱ्यांच्या जवळून चित्रीकरण करण्याचे काम नागरिकांनी करावे, आणि त्यांच्यासाठीही ते निर्धोक राहिलेले नाही. २०२६ च्या जानेवारीत मिनिॲपोलिसमध्ये अशाच कारवायांच्या वेळी दोन अमेरिकन नागरिक अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी मारले गेले. सार्वजनिक जागी कर्तव्यावर असलेल्या पोलिसांचे चित्रीकरण व ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क शिकागोच्या इलिनॉय राज्यापुरता अपील न्यायालयाने २०१२ मध्येच मान्य केलेला आहे. तुम्ही तो आपल्या खिडकीतून, आपल्या अंगणातून, कोणाच्या वाटेत न येता वापरू शकता. संघराज्याच्या अधिकाऱ्याला हाताने अडवणे हा मात्र गंभीर गुन्हा आहे आणि त्यात ‘मला माहीत नव्हते’ चालत नाही. शिट्टी गल्लीतल्या एखाद्या नागरिक शेजाऱ्याला परत द्या आणि कारण मोकळेपणाने सांगा. त्यांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेली अडचण नसेल.

तुमच्या जोगे काम दुसरे आहे आणि ते पुष्कळ आहे. गल्लीच्या ‘सिग्नल’ ॲपवरच्या गटात राहा, पण ऐकीव बातमी पुढे ढकलू नका. स्वतः पाहिले असेल तरच किती माणसे, काय करत होती, नेमके कुठे, कसा गणवेश, किती वाजता आणि कोणती वाहने, एवढेच लिहा. खोट्या बातमीने माणसे दवाखान्यात जायचे टाळतात, मजुरी बुडवतात आणि तिसऱ्या वेळी खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाहीत. आपल्या मराठी कुटुंबांच्या गटांवर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’चे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. शेजाऱ्यांचे छायाचित्र, पत्ता किंवा त्यांच्याकडे कागद नसल्याचा उल्लेख कुठेही लिहू नका, मंडळातल्या अगदी जवळच्या मैत्रिणीलाही सांगू नका. खरे तर मला लिहिलेल्या पत्रातही तो तपशील नसता तर बरे झाले असते. मी उपनगराचे नाव गाळले आहे.

अधिकारी तुमच्या दारावर आले आणि शेजाऱ्यांविषयी विचारू लागले, तर दार उघडण्याचे किंवा उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. पण खोटे मात्र काहीही सांगू नका. गप्प राहणे हा तुमचा हक्क आहे आणि संघराज्याच्या अधिकाऱ्याला खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हा फरक तुमच्या यजमानांनाही पाठ करून ठेवायला सांगा. ‘ते इथे राहत नाहीत’ असे चांगुलपणाने बोललेले वाक्य तुम्हाला भोवू शकते. त्यांना घरात लपवून ठेवण्याचा प्रसंग कधी आला, तर तो कायद्याच्या दृष्टीने वेगळाच विषय होतो आणि त्यात वकिलाशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नये. मुलांना शाळेत पोहोचवणे, वाणसामान आणून देणे, औषध आणणे ही साधी शेजारधर्माची कामे आहेत आणि ती तुम्ही करत राहावीत.

वॉरंटविषयी एक गोष्ट शेजारणीला जरूर समजावून सांगा. आयसीई म्हणजे स्थलांतर अंमलबजावणी खात्याचे अधिकारी बहुतेक वेळा आय-२०० किंवा आय-२०५ हा जो कागद दाखवतात, त्यावर त्याच खात्याच्या अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नसते. घरात संमतीशिवाय शिरण्यासाठी न्यायाधीशाने सही केलेले वॉरंट लागते, असे आजवर सर्वत्र शिकवले गेले. मात्र ज्यांच्यावर हद्दपारीचा अंतिम आदेश आहे त्यांच्या घरात खात्याच्याच वॉरंटवर शिरता येते, अशी भूमिका खात्याने २०२५ च्या मे महिन्यातील एका अंतर्गत टिपणात घेतल्याचे २०२६ च्या जानेवारीत उघड झाले. म्हणून दार न उघडता कागद खिडकीला लावून दाखवायला सांगावे, संमती नसल्याचे मोठ्याने सांगावे, आणि तरीही ते आत शिरले तर हात न उचलता फक्त पाहावे व लक्षात ठेवावे. आत शिरणे योग्य होते की नाही, हे पुढे वकील न्यायालयात मांडेल. दाराशी ते ठरत नाही.

सासूबाईंचे सोपे आहे. परदेशी पाहुण्याने, वय अठराच्या वर असेल तर, आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदा आहे. आय-९४ (देशातल्या प्रवेशाची सरकारी नोंद) ची छापील प्रत आणि पासपोर्टच्या व्हिसाच्या पानाची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या स्वेटरच्या खिशात ठेवा, आणि त्याच पाकिटात तुमचा व वकिलाचा फोन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण मोबाइल हातातून घेतला गेला तर त्यातला क्रमांक कोणालाच आठवत नाही. आय-९४ वरची परतीची तारीखही एकदा तपासा. सहा महिने म्हणता म्हणता दोन-चार दिवस वर गेले, की त्याच रेघेच्या पलीकडे सासूबाई जातात. त्यांचे फिरणे थांबवू नका, सोबत कोणी असेल तेवढे पाहा.

आता मुलांचा प्रश्न, ज्यासाठी खरे तर तुम्ही पत्र लिहिले आहे. नुसते शाळेच्या आणीबाणीच्या यादीत नाव देऊन भागत नाही. त्या यादीमुळे तुम्ही मुलांना फाटकातून घेऊन येऊ शकता, पण दुसऱ्या दिवशी मूल तापाने फणफणले, तर डॉक्टर विचारतील की तुम्ही त्याच्या कोण. इलिनॉयच्या कायद्यात यासाठी अल्पकालीन पालकाची तरतूद आहे. आईवडील लेखी कागदाने एखाद्या व्यक्तीला साधारणतः ३६५ दिवसांपर्यंत मुलांचे पालक नेमू शकतात, न्यायालयात जावे लागत नाही, आईवडिलांचे स्वतःचे हक्क जात नाहीत, आणि आम्हाला ताब्यात घेतले गेले तर हा कागद लागू होईल, असे त्यात लिहिता येते. त्यावर आईवडिलांची, नेमलेल्या पालकाची आणि दोन प्रौढ साक्षीदारांची सही लागते. नेमलेली व्यक्ती स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. नमुना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थांकडे मिळतो, आणि इलिनॉय कोअलिशन फॉर इमिग्रंट अँड रेफ्युजी राइट्स या आघाडीची कुटुंबांसाठी हेल्पलाइन आहे, तिथे चौकशी करा. ‘नोटारिओ’ अशी पाटी लावलेल्या दुकानात मात्र शेजारणीला जाऊ देऊ नका. लॅटिन अमेरिकेत हा शब्द कायदेतज्ज्ञासाठी वापरतात, पण अमेरिकेत नोटरीला कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नसतो आणि या गोंधळात अनेकांचे पैसे व खटले दोन्ही बुडाले आहेत.

सही करण्यापूर्वी तुमच्या स्वतःच्या वकिलाला एकदा विचारा, आणि शेजारणीला एक अट घाला, की तुमच्यानंतर दुसरे नाव एखाद्या अमेरिकन नागरिकाचे असावे. तुम्ही स्टॅम्पिंगसाठी भारतात गेलात आणि अडकलात, तर त्या मुलांना पुन्हा वाऱ्यावर सोडल्यासारखे होईल. मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद, ॲलर्जी, डॉक्टरांचे नाव यांची फाइल करा. पासपोर्ट नसतील तर आताच काढायला सांगा, कारण सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टसाठी आई आणि वडील दोघांची संमती लागते आणि एक जण ताब्यात असताना ती मिळवणे फार जिकिरीचे होते. शिकागोतल्या मेक्सिकन वकिलातीत मुलांची मेक्सिकन नागरिक म्हणूनही नोंद करता येते. आईवडिलांना परत पाठवले गेले आणि मुलांनी तिकडे जावे असे ठरले, तर ती नोंद कामी येते. नवरा-बायकोचे परदेशी नागरिक म्हणून असलेले ‘ए’ क्रमांक असतील तर तेही लिहून घ्या, कारण ताब्यातल्या माणसाचा शोध घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक आणि जन्मदेश दिला की माणूस लवकर सापडतो. किल्ली कुठे असते, भाडे कोणत्या तारखेला जाते, कामाची गाडी रस्त्यात राहिली तर ती कोणी आणायची, हेही विचारा. आणि एक प्रश्न तिच्याशी एकटीशी बोला. मुलांना त्या रात्री काय सांगायचे, हे तिने तुम्हाला तिच्या शब्दांत सांगून ठेवावे. ते वाक्य ऐन वेळी तुम्ही स्वतःच्या मनाने बनवू नये.

तुमच्या यजमानांनी कुठेही जाऊन उभे राहावे अशी माझी अपेक्षा नाही. हे कागद ज्या संध्याकाळी भरायचे असतील, त्या संध्याकाळी शेजाऱ्यांना तुमच्याच घरी जेवायला बोलवा. यजमानांना फाइल लावण्याची, क्रमांक तपासण्याची, प्रती काढण्याची हौस असेल, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. नऊ वर्षे इमिग्रेशनचे कागद सांभाळणाऱ्या माणसाला यातले तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. साक्षीदार म्हणून बाहेरची दोन माणसे आणा. जेवण झाल्यावर टेबल पुसून कागद मांडले, की यजमानांना फक्त एवढेच विचारा, की यात काही राहिले आहे का ते बघता का.